अकरा पूर्णांक दोन

अमृतधामच्या लॅबमधल्या पोरानं कागद पुढे सरकवला.
अकरा पूर्णांक दोन. खाली लाल रेघ.
"काकू, निदान वीसच्या वर तरी पाहिजे,"
आणि मग, माझी चूक झाकल्यासारखं, हळू आवाजात:
"सकाळपासून तुम्ही चौथ्या."

मला हसूच आलं.
नाशकात, आणि उन्हाची टंचाई?
इथे मणी उन्हानं डागाळू नयेत म्हणून
घडाघडाला वर्तमानपत्र गुंडाळतात.
निवडणुका, वधू पाहिजे, दशक्रिया विधी,
सगळं वेलीवर उलटं लटकतं
आणि आत घड हिरवाच्या हिरवा,
साता समुद्रापार जाण्याजोगा.

तो घड पुढे माझ्या हातात येतो.
मोहाडीच्या पॅकहाउसात चौदा वर्षं.
व्हॅन न्यायला येते तेव्हा रस्त्यावरचे दिवे चालू,
सोडायला येते तेव्हाही चालूच.
मधे ट्यूबलाइट, जाळीची टोपी, हातमोजे,
बारका मणी काढा, तडकलेला मणी काढा,
द्राक्षं संपली की डाळिंब.
ऊन भेटायचं रविवारी, स्कूटीवर,
तेही सनकोट, स्कार्फ, गॉगल यांच्या पलीकडून,
सोयरीक तुटलेल्या घरातल्या माणसासारखं.

गुडघे कुरकुरले, मी वयाला बोल लावला.
जिन्यात मांड्या भरून आल्या,
दिवसभर उभं राहण्याला.
कंबर रात्र रात्र जागी राहिली, गादीला.
गादी बदललीसुद्धा. साडेसात हजार.
तपासणी बाराशेची होती.

आणि आमच्या टेबलाशेजारीच बसतो दिगंबर गांगुर्डे,
ते दुर्बिणीसारखं यंत्र घेऊन.
उद्याच्या बागेचा मणी चिरडतो, थेंब काचेवर,
उजेडाकडे धरून एक डोळा मिटतो:
"चौदाच ब्रिक्स. तोडू नका. ऊन खाऊ द्या अजून."
खेडगावपासून वणीपर्यंत
कुठल्या प्लॉटात किती साखर, मला तोंडपाठ.
माझा थेंब कोणी उजेडाकडे धरला नव्हता.
कोणी म्हणजे, मीही नाही.

डॉक्टर कोठावदेबाई बोलतात कमी, लिहितात फार.
"दूध पिता ना? प्या.
पण त्यातलं कॅल्शियम आत घ्यायला
आतड्याच्या दारात कोणी उभंच नाही.
ही पुडी, आठवड्याला एक, आठ रविवार.
बरं वाटतंय म्हणून मनानं नववी घ्यायची नाही,
जास्त झालं तर तेही बाधतं.
तीन महिन्यांनी पुन्हा रक्त."
मी उठले तर म्हणाल्या,
"आणि ऊन. कोवळं नव्हे.
सावली तुमच्याहून बुटकी असते, तेव्हाचं."

आता साडेबाराला डबा घेऊन मी मागे जाते,
रिकाम्या क्रेटच्या थप्प्यांपाशी.
पहिल्या दिवशी एकटी, चोरासारखी.
सुपरवायझरनं विचारलं, "बाहेर का?"
म्हटलं, "औषध चालू आहे."
तिसऱ्या दिवशी शबनम आली, बाह्या कोपरापर्यंत सरकवून,
मग चंद्रभागा, जिची टाच सकाळी जमिनीला टेकत नाही.
आम्ही आधी सावल्या बघतो,
कोणाची बुटकी, यावरून भांडतो,
मग भाकरी सोडतो.

चंद्रभागेला म्हटलं, तूही तपासून घे.
ती म्हणाली, पगार झाल्यावर.
पगार होऊन गेला. मी पुन्हा म्हटलं.

जिन्याची सातवी पायरी अजून दुखते.
दुसरं रक्त मंगळवारी.
काय येईल, ठाऊक नाही,
दिगंबर मात्र रोज विचारतो, "काकू, किती ब्रिक्स?"

काल बाही आणखी वर सरकवली
तर दंडावर देवीची खूण दिसली,
रुपयाएवढी, सुरकुतलेली.
किती वर्षांनी.
पांढुरक्या कातडीवर ऊन थेट पडलं होतं,
आणि ती खूण, शपथ,
आधी तापली.